‘सर’ होणं म्हणजे नेमकं काय? घोडेस्वारापासून जेम्स अँडरसनपर्यंत

कसोटीत ७०४ बळी घेणारा जेम्स अँडरसन २०२५ मध्ये ‘सर’ झाला. विंडसरच्या राजवाड्यात राजकन्या अ‍ॅन यांनी त्याच्या खांद्यांना तलवार टेकवली. पाठोपाठ नोव्हेंबरात डेव्हिड बेकहॅमचा नंबर लागला, तेव्हा तलवार राजे चार्ल्स यांच्या हातात होती. अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा येतेच, आणि ती वाचून पडणारे प्रश्नही ठरलेले. नाईट म्हणजे सरदार का? गोलंदाजाला तलवार कशाला टेकवायची? भारतीय माणसाला हा मान मिळाला तर तो नावाआधी ‘सर’ लावू शकतो का? आणि बाईमाणसासाठी दार उघडून धरणं, खुर्ची पुढे करणं याला इंग्रज लोक शिव्हलरी म्हणतात, तिचा या तलवारीशी काय संबंध?

संबंध जुना आहे आणि बराच रक्ताळलेला आहे. तो कळायला दोन परके शब्द पुरतील. नाईट म्हणजे मध्ययुगीन युरोपातला चिलखत घालून घोड्यावरून लढणारा योद्धा, ज्याला विधिपूर्वक तो दर्जा दिलेला असे. शिव्हलरी म्हणजे या नाइटांची आचारसंहिता. ती दुबळ्यांच्या रक्षणासाठी जन्मली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अर्धीच पटते. माझ्या मते ती मुख्यतः एका वर्गाने आपापसात एकमेकांचे जीव वाचवण्यासाठी केलेली सोय होती. आज ‘सर’ या किताबात जे काही चमत्कारिक वाटतं, त्याचं मूळही तिथेच सापडतं.

आधी घोडा, मग मोठेपणा

मराठी अनुवादांत नाईटला सर्रास ‘सरदार’ करून टाकतात. त्यामुळे डोळ्यांपुढे जहागीर, वाडा, हुजरे असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पोरगा, चाकर. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद ‘क्नेख्ट’ आजही गडी, चाकर याच अर्थाने वापरतात. फ्रेंचांनी याच माणसाला शेव्हालिए म्हटलं आणि स्पॅनिशांनी काबायेरो. दोन्ही शब्द घोड्यावरून आले. शिव्हलरीही त्याच फ्रेंच घोड्याच्या पाठीवर बसून इंग्रजीत आली. बुद्धिबळात इंग्रज ज्या मोहऱ्याला नाईट म्हणतात त्याला आपण सरळ घोडा म्हणतो. मला आपलं नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

कारण सगळा खेळ घोड्याचा होता. लढाईसाठी तयार केलेला घोडा, कड्यांचं चिलखत, शिरस्त्राण, तलवार, भाला, सामान वाहायला आणखी एक-दोन जनावरं आणि ती सांभाळायला पोरं, एवढा खटाटोप ज्याला परवडेल तोच नाईट. आपल्याकडे शिवकालीन फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. नाईट हा शिलेदाराच्या जवळचा. मात्र हा खर्च भागावा म्हणून त्याला बहुधा वरच्या उमरावाकडून जमीन मिळे आणि त्या बदल्यात वर्षातले काही दिवस लढायला जावं लागे. सुरुवातीला यातले पुष्कळजण साधे भाडोत्री घोडेस्वार होते. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत मात्र हळूहळू दार बंद होत गेलं. नाइटाचा मुलगा नाईट होऊ लागला, राजेसुद्धा स्वतःला नाईट म्हणवू लागले आणि चाकराचा शब्द मानाचा झाला.

पोरगा नाईट कसा व्हायचा

साधारण सातव्या वर्षी मुलगा दुसऱ्या उमरावाच्या घरी ठेवला जाई. निरोप पोचव, ताट वाढ, घोड्याची निगा शिक. चौदाच्या सुमारास तो एखाद्या नाइटाचा मदतनीस होई. त्याची ढाल वाहायची, चिलखताचे पट्टे आवळायचे, लढाईत मागे राखीव घोडा धरून उभं राहायचं. विशीत पोचला आणि कुणी खर्च उचलला, तर विधी.

हा विधी ऐपतीप्रमाणे थाटाचा असे. श्रीमंताघरी स्नान, रात्रभर देवळात जागरण, सकाळी प्रार्थना, मग कमरेला तलवार आणि टाचांना आरी, म्हणजे घोड्याला टोचायचे काटे. रणांगणावर मात्र दोन मिनिटांत उरकत. दोन्हीकडे गाभा तोच: मानेवर किंवा गालावर एक फटका, बराच काळ नुसत्या हाताने आणि पुढे तलवारीच्या पात्याच्या सपाट बाजूने. दिलेला शब्द लक्षात राहावा म्हणून हा फटका, असं त्या काळच्या लेखकांचं स्पष्टीकरण आहे. अँडरसनच्या खांद्याला जी तलवार नाजूकपणे टेकली ती या चापटीचीच पणती.

आणखी एक गोष्ट, जी आज कुणाच्या लक्षात नसते: मुळात कोणताही नाईट दुसऱ्याला नाईट करू शकत असे. हा अधिकार फक्त राजाकडे गोळा झाला तो पुष्कळ नंतर.

एका नाइटाचा जमाखर्च

नियम सांगण्यापेक्षा एक माणूस बघू. विल्यम मार्शल, जन्म साधारण ११४७, मृत्यू १२१९. इंग्लंडमधल्या एका मध्यम उमरावाचा धाकटा मुलगा, म्हणजे जमिनीत वाटा नाही. पाचेक वर्षांचा असताना वडिलांनी त्याला राजा स्टीव्हनकडे ओलीस ठेवलं आणि स्वतः शब्द मोडला. पोराला फासावर चढवतो, अशी राजाने धमकी दिल्यावर बाप म्हणाला, खुशाल चढवा. याहून चांगली पोरं घडवायला माझ्याकडे हातोडा आणि ऐरण आहे. राजाला त्या पोराची दया आली, म्हणून पुढची गोष्ट आहे.

नॉर्मंडीत एका नातलगाच्या पदरी वाढून विल्यम विशीच्या आगेमागे नाईट झाला. लगेच पहिली चकमक. तो जिवावर उदार होऊन लढला, त्याचा घोडा मेला, पण त्याने कुणालाच कैद केलं नाही. रात्री मेजवानीत एक मोठा उमराव त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, मार्शल, मला एक भेट दे ना, घोड्याचा जुना पट्टा दिलास तरी चालेल. विल्यम म्हणाला, माझ्याकडे कुठला? उमराव हसून म्हणाला, असं कसं, आज चाळीस-साठ तरी तुझ्या हाताखालून गेले की! टोमणा असा की शौर्य दाखवलंस, पण कमाई शून्य. नवा घोडा घ्यायला विल्यमला नाईट होताना मिळालेला झगा विकावा लागला.

हा धडा तो विसरला नाही. त्या काळी टूर्नामेंट म्हणजे दोन भालेबाज समोरासमोर धावून येतात तो चित्रपटातला प्रकार नव्हता. मैलोन्‌मैल मोकळ्या रानात दोन मोठ्या टोळ्या भिडत, आणि खरा उद्देश असे माणूस पकडण्याचा. कबड्डीत पकडलेला गडी बाहेर बसतो. इथे तो घोडा, चिलखत आणि वर रोकड देऊन सुटे. विल्यमने रॉजर द गोगी नावाच्या नाइटाशी चक्क भागीदारी केली, मिळेल ते निम्मंनिम्मं. दहाएक महिन्यांत या जोडीने १०३ नाईट पकडले. आकडा इतका चोख आहे, कारण विल्यमच्या धन्याच्या मुदपाकखान्याचा कारकून त्याची नोंद ठेवत होता.

याच काळात फ्रान्समधल्या प्लूर इथल्या सामन्यात सर्वोत्तम योद्धा म्हणून विल्यमला बक्षीस जाहीर झालं. बक्षीस काय, तर एक मोठा मासा. तो घेऊन लोक शोधत गेले तर विजेता लोहाराच्या भात्यापाशी, ऐरणीवर डोकं ठेवून पडलेला. मार खाऊन शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की डोक्यातून निघेना. लोहार हातोड्याने आणि पकडीने ते उचकटत होता. बापाच्या हातोडा-ऐरणीचा हिशेब असा पुरा झाला म्हणायचा.

पुढे तो पाच राजांच्या चाकरीत राहिला, मोठ्या घराण्याची वारस त्याला सांगून आली, आणि सत्तरीच्या घरात तो बालराजाचा पालक म्हणून अख्ख्या इंग्लंडचा कारभार पाहू लागला. मरणशय्येवर धर्मगुरूंनी लुटीचा माल परत कर म्हटलं, तेव्हा त्याचं उत्तर होतं: मी पाचशे नाईट पकडले, त्यांची हत्यारं-घोडे ठेवून घेतले, आता परत कुणाला करू? एवढ्यावरून स्वर्गाचं दार बंद होत असेल तर माझा इलाज नाही. हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच्या मुलाने लिहवून घेतलेल्या एकोणीस हजार ओळींच्या चरित्रकाव्यातून. म्हणजे थोडी भर घातलेली असणारच. पण भर घालणाऱ्यालाही कैद्यांचा आकडा मिरवण्यासारखा वाटला, हे महत्त्वाचं. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये मार्शलची दगडी प्रतिमा आजही आडवी पडलेली आहे.

आचारसंहिता कशासाठी?

आता शिव्हलरीकडे येऊ. तिला एक बाजू धर्माची होती. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये हे हत्यारबंद घोडेस्वार इतके माजले होते की ९८९ मध्ये शारू या गावी बिशपांनी सभा भरवून जाहीर केलं: जो चर्च फोडेल, जो गरीब शेतकऱ्याचा बैल, गाय, गाढव, शेळी, डुक्कर पळवेल, तो बहिष्कृत. जनावरांची अशी नावानिशी यादी करावी लागते तेव्हा परिस्थिती काय असेल ते समजतं. पुढे बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत लढाई बंद, असाही फतवा निघाला. फार उपयोग झाला नाही. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने वेगळी वाट काढली: आपसात लढू नका, पूर्वेला जाऊन जेरुसलेम सोडवा. १०९९ मध्ये ते शहर पडलं तेव्हा झालेली कत्तल इतिहासात नोंदलेली आहे.

दुसरी बाजू व्यवहाराची, आणि माझ्या मते तीच जास्त टिकली. चिलखतधारी माणसाला ठार मारण्यापेक्षा जिवंत धरणं किफायतशीर होतं. पण खंडणीचा धंदा चालायचा तर शब्दाला किंमत हवी. ‘शरण आलो’ म्हणणाऱ्याने पळून जायचं नाही, पकडणाऱ्याने त्याला मारायचं नाही. घरी जाऊन पैसे जमवून आणतो म्हणाला तर परत यायचं. शब्द मोडला तर पुढच्या वेळी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणजे त्याला जिवंत कुणी सोडणार नाही. अब्रू, दिलेलं वचन, शत्रूशी सौजन्य ही शिव्हलरीतली सुंदर मूल्यं या रोखीच्या व्यवहारावर उभी होती. म्हणून ती खोटी होती असं मात्र मी म्हणणार नाही.

उदाहरण घ्या. १९ सप्टेंबर १३५६ ला प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जॉन इंग्रजांच्या हाती सापडला. गर्दीत प्रत्येकजण ‘मी पकडला, मी पकडला’ म्हणून त्याला ओढत होता. अखेर त्याने उजव्या हाताचा हातमोजा एका नाइटाच्या हाती देऊन शरणागती दिली. बखरकार फ्र्वासार सांगतो की त्या रात्री जिंकलेल्या इंग्रज युवराजाने, ज्याला ब्लॅक प्रिन्स म्हणतात, हरलेल्या राजाच्या पंक्तीला न बसता उभं राहून स्वतः वाढलं. पुढे तहात खंडणी ठरली तीस लाख सोन्याची नाणी. ती फिटेपर्यंत राजाने मायदेशी जावं आणि त्याच्या बदली मुलांनी ओलीस राहावं, असं ठरलं. १३६३ मध्ये त्यातला एक मुलगा पळाला. तेव्हा जॉन राजा आपण होऊन लंडनला परत गेला, कैदेत बसला आणि १३६४ मध्ये तिथेच वारला. राज्य सोडून राजाने असं जावं का, यावर वाद घालता येईल. पण शिव्हलरी म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी पुस्तकी व्याख्या न देता ही गोष्ट सांगेन.

मग गोरगरिबांचं रक्षण कुठे गेलं?

हा आक्षेप रास्त आहे. तेराव्या शतकात रामोन युल याने आणि चौदाव्यात झोफ्र्वा द शार्नी याने शिव्हलरीवर ग्रंथ लिहिले. युलने विधवा, अनाथ, दुबळे यांचं रक्षण हे नाइटाचं कर्तव्य म्हणून सांगितलंय. शार्नी हा पुस्तकी पंडितही नव्हता. प्वातियेच्या त्याच लढाईत फ्रान्सचं निशाण हातात धरून तो मेला. आदर्श होता, मनापासून मानणारेही होते.

पण राजाला उभं राहून वाढणाऱ्या त्याच ब्लॅक प्रिन्सने एका वर्षापूर्वी, १३५५ च्या शरदात, बोर्दोपासून नार्बनपर्यंत स्वारी काढून दक्षिण फ्रान्समधली शेकडो गावं जाळली होती. शत्रूची पिकं, कोठारं, गिरण्या नष्ट करायच्या म्हणजे त्याचा महसूल बुडेल, हे त्या स्वारीचं साधं गणित. जळालेल्या गावातल्या शेतकऱ्याकडे खंडणी द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याच्या जिवाला भावही नव्हता. समकालीनांना यात विसंगती वाटली नाही. एकाच माणसाला ते शिव्हलरीचं फूल म्हणत आणि त्याच्या स्वाऱ्यांचं कौतुकही करत. पायदळातल्या धनुर्धाऱ्यांचीही हीच गत; पकडले गेले तर त्यांना सोडवायला कोण येणार?

आणि वेळ आली की नाइटांनाही हे कवच पुरत नसे. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच पुन्हा चाल करून येतील या भीतीने इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने कैदी मारून टाकायचा हुकूम दिला. खंडणी बुडणार म्हणून त्याच्याच नाइटांनी कुरकुर केली, तेव्हा हे काम धनुर्धाऱ्यांकडे सोपवावं लागलं.

आणि स्त्रीदाक्षिण्य?

मराठीत शिव्हलरीला बहुधा हाच शब्द वापरतात. तो मूळ कल्पनेचा एक छोटा, उशिरा वाढलेला फाटा आहे. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्सच्या कवींनी अशी गाणी रचली, ज्यांत नाईट एखाद्या उच्चकुलीन, बहुधा विवाहित स्त्रीची मालकासारखी सेवा करतो, तिच्या एका कटाक्षासाठी झुरतो. दरबारांना ते फार आवडलं. ही सेवा अर्थात दरबारातल्या स्त्रीपुरती. त्याच शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कापेलानस याने प्रेमावर जो ग्रंथ लिहिला त्यात शेतकऱ्याघरच्या बाईवर मन बसलं तर थोडी जबरदस्ती करायला हरकत नाही, असा सल्ला आहे. काही अभ्यासक त्यात उपरोध पाहतात. असेलही.

आज आपण ज्याला शिव्हलरी म्हणतो ती मात्र एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी नव्याने रंगवलेली आहे. खरे नाईट इतिहासजमा झाले होते, कारखाने धूर ओकत होते, आणि मध्यमवर्गाला सभ्य गृहस्थाचा एक नमुना हवा होता. १८३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका उमरावाने एग्लिंटन इथे जुन्या पद्धतीची टूर्नामेंट भरवली. प्रचंड गर्दी झाली, आणि धो धो पावसात चिलखतधारी पाहुणे छत्र्या उघडून बसले. तरी ही हौस टिकली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडताना ‘आधी बायका-मुलं’ हा हुकूम निघाला, तो याच संस्कारातून. तिथेही आकडे बघण्यासारखे आहेत. पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याही नाही.

नाईट व्हायला नको म्हणणारे

मधल्या काळात या पदाचं काय झालं? तेराव्या शतकापासूनच इंग्लंडमधले अनेक जमीनदार नाईट व्हायचं टाळू लागले. विधीचा खर्च, चिलखताचा खर्च, वर कोर्टाची आणि जिल्ह्याची फुकटची कामं. तेव्हा राजांनी नियम केला: अमुक इतकं उत्पन्न असेल तर नाईट व्हा, नाहीतर दंड भरा. पुढे ही मर्यादा वर्षाला चाळीस पौंडांवर स्थिरावली. १६३० च्या दशकात पैशाला महाग झालेल्या पहिल्या चार्ल्सने हा धूळ खात पडलेला नियम उकरून हजारोंकडून दंड वसूल केला. १६४१ मध्ये संसदेने तो रद्द केला.

उलट धंदाही चाले. चार्ल्सचा बाप पहिला जेम्स याने १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरेने चालणारा किताब काढला आणि त्याची किंमत ठेवली १०९५ पौंड. आयर्लंडमध्ये तीस शिपाई तीन वर्षं पोसायचा खर्च म्हणे. विसाव्या शतकात पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात किताबांचा असा बाजार भरला की १९२५ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि १९३३ मध्ये मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल त्याखाली तुरुंगात गेला. तेव्हा ‘आजकाल हे किताब वशिल्याने मिळतात’ असं कुणी म्हणालं तर त्यातला ‘आजकाल’ तेवढा खोडावा.

आजचा ‘सर’

आता घोडा, जमीन, लढाई, काही उरलेलं नाही. उरलाय तो राजाच्या नावाने दिला जाणारा सरकारी सन्मान. नववर्षाला आणि जूनमध्ये राजाच्या अधिकृत वाढदिवसाला याद्या निघतात. शिवाय पायउतार होणारा पंतप्रधान आपली यादी देऊ शकतो. अँडरसनचं नाव ऋषी सुनक यांच्या अशाच यादीत होतं. नावं समित्या चाळतात, राजा शिक्का मारतो.

गंमत नावाच्या जागेत आहे. आपल्याकडे सर आडनावानंतर येतात, जोशी सर, कुलकर्णी सर. किताबाचा ‘सर’ पहिल्या नावाआधी लागतो आणि आडनाव गाळलं तरी चालतं. सर जेम्स बरोबर, सर अँडरसन चूक. ‘सर जडेजा’ हा विनोद म्हणून झकास, व्याकरण म्हणून नापास. नाइटाच्या बायकोला ‘लेडी’ म्हणतात. स्वतःच्या कर्तृत्वाने हा दर्जा मिळवणाऱ्या स्त्रीला ‘डेम’. तिला तलवार टेकवत नाहीत. ‘उठा, सर अमुक’ असं राजा म्हणतो ही समजूत पडद्यावरची. प्रत्यक्षात कुणी असं म्हणत नाही.

किताब काढूनही घेता येतो. १३२३ मध्ये देशद्रोहाच्या आरोपावरून अँड्र्यू हार्कले याच्या टाचांची आरी तोडून, तलवार काढून मग त्याला फाशी दिलं होतं. आता राजपत्रात चार ओळी छापतात. सोव्हिएत हेर निघालेला कलासमीक्षक अँथनी ब्लंट (१९७९) आणि बँक बुडवल्याचा ठपका असलेला फ्रेड गुडविन (२०१२) असेच ‘सर’पणाला मुकले. मेलेल्याचा मात्र काढता येत नाही, कारण नाईटपद माणसाबरोबर संपतं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक उपकथा. डॉन ब्रॅडमन १९४९ मध्ये आणि गारफील्ड सोबर्स १९७५ मध्ये ब्रिटिश राजमुकुटाकडून ‘सर’ झाले. व्हिव्ह रिचर्ड्सचा ‘सर’ मात्र त्याच्या अँटिग्वा देशाने स्वतःच्या राष्ट्रवीर सन्मानातून दिलेला आहे. आणि १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात विझियानगरमचे महाराजकुमार, म्हणजे आपले कप्तान ‘विझी’, दौरा चालू असतानाच सर झाले. त्यांची फलंदाजी पाहिलेले लोक यावर काय म्हणाले असतील ते सोडून देऊ.

जेजे, लेडी जमशेटजी आणि भांडारकर

मुंबईकर रोज हा इतिहास पत्त्यात लिहितो. जेजे रुग्णालयातले जेजे म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय, १८४२ मध्ये नाईट झालेले पहिले भारतीय. चीनशी कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी प्रचंड पैसा मिळवला आणि तसाच तो दानातही ओतला. १८५७ मध्ये ते बॅरोनेटही झाले. माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्याच्या नावातली लेडी म्हणजे त्यांच्या पत्नी आवाबाई. माहीम आणि वांद्र्यामधली खाडी ओलांडताना माणसं बुडत, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने कॉजवे बांधवला. नवऱ्याच्या किताबाने मिळालेलं ‘लेडी’ हे नाव आज त्याच्या ‘सर’पेक्षा जास्त तोंडी आहे.

१८५७ नंतर ब्रिटिशांनी भारतासाठी खास सन्मानमाला काढल्या, १८६१ ची ‘स्टार ऑफ इंडिया’ आणि पुढची ‘इंडियन एम्पायर’. संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये त्यातूनच सर झाले. पुण्यात शिकलेले अभियंते विश्वेश्वरय्या १९१५ मध्ये. रावसाहेब, रावबहादूर हे वेगळे, खालच्या पायरीवरचे किताब. ते नाईटपद नव्हे. सरकारला निष्ठावान माणसं हवी होती आणि मान देणं पगार देण्यापेक्षा स्वस्त पडे, एवढाच हिशेब. पण घेणारे सगळे हांजी हांजी करणारे होते, असं म्हणणं भांडारकरांसारख्यांवर अन्याय करणारं ठरेल.

नाकारणारेही होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९१४ मध्ये देऊ केला, त्यांनी नको म्हटलं. रवींद्रनाथ ठाकूर १९१५ मध्ये सर झाले. जालियनवाला बागेनंतर मे १९१९ च्या अखेरीस व्हाइसरॉयला पत्र लिहून त्यांनी किताब परत केला. माझ्या देशबांधवांचा असा अपमान होत असताना मानाची पदकं आमची लाजच उघडी करतात, असा त्या पत्राचा आशय आहे. शिव्हलरी म्हणजे अब्रू आणि दिलेला शब्द असेल, तर त्या दिवशी ती किताब परत करणाऱ्याकडे होती, देणाऱ्याकडे नव्हे.

मग आज भारतीयाने ‘सर’ लावावा का?

नाही. दोन्हीकडचे नियम आड येतात. ज्या देशांत ब्रिटनचा राजा राष्ट्रप्रमुख नाही तिथल्या नागरिकाला फक्त मानद नाईटपद मिळतं. नावामागे अक्षरं लावता येतात, नावाआधी ‘सर’ नाही. रतन टाटांना २००९ आणि २०१४ मध्ये, सुनील भारती मित्तल यांना २०२४ मध्ये मिळालं ते असं मानद. मित्तल यांना कुणी सर सुनील म्हटलं तर लंडनचे अधिकारीच नाक मुरडतील.

इकडून राज्यघटनेचं १८ वं कलम आहे: लष्करी आणि शैक्षणिक पदव्या वगळता सरकार कुणालाही किताब देणार नाही, आणि भारतीय नागरिकाने परक्या राष्ट्राकडून किताब घ्यायचा नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही हे होतं. माणसांच्या नावांना चिकटून त्यांच्यात पायऱ्या पाडणारी गोष्ट प्रजासत्ताकात नको, हा विचार.

मग पद्मश्री, पद्मभूषण, भारतरत्न हे काय? हा आक्षेप थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याआधी १९७७ मध्ये जनता सरकारने हे पुरस्कार बंद केले होते. १९८० मध्ये ते परत सुरू झाले. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे पुरस्कार आहेत, किताब नव्हेत, त्यामुळे घटनेत बसतात. मात्र एक अट स्पष्ट घातली: ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. लग्नपत्रिकेत, दारावरच्या पाटीवर, सत्काराच्या फ्लेक्सवर ‘पद्मश्री अमुक तमुक’ असं आपण सर्रास वाचतो. न्यायालयाने सांगितलेल्या नियमाप्रमाणे, पुरस्कार मिळवणाऱ्याने स्वतःच तो किताबासारखा वापरला तर तो काढून घेता येतो.